उरलेले तीन टक्के

संस्थेच्या मासिक सभेत अशुद्धतेविरुद्धचा ठराव एकमताने मंजूर झाला. अशुद्धतेची बाजू मांडायला कोणी उभं राहिलं नाही, आणि शुद्धीकरण विभागाचा केमिस्ट, जो कदाचित राहिला असता, तो त्या वेळी आपल्या कपाची बशी कोणी पळवली ते शोधत होता. कोणत्याही सुसंस्कृत संस्थेत असे ठराव होत असतात आणि त्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. या ठरावाची गोष्ट निराळी झाली, कारण तो अमलात आणला गेला.

संस्था औषध करीत असे. हातांना कापरं भरणाऱ्या माणसांसाठीचं औषध. कारखान्याच्या मोठ्या भांड्यातून ते तयार होऊन येई तेव्हा एकटं कधीच येत नसे, चार नको ती मंडळी बरोबर घेऊनच येई. त्या पिवळट, दाट मिश्रणातून औषध तेवढं वेगळं काढणं हे केमिस्टचं काम. त्यासाठी त्याच्याकडे पोलादाचा एक कॉलम, म्हणजे उभा नळा होता, माणसाच्या मांडीएवढा जाड आणि आत पांढऱ्या भुकटीने ठासून भरलेला. वरून मिश्रण सोडायचं, पंपाने मागून द्रावक ढकलत राहायचं, आणि दुसऱ्या तोंडातून काय बाहेर पडतं ते बघत बसायचं. घरची माणसं भर बाजारातून चालतात तसाच हा प्रकार. केमिस्टचे सासरे हयात होते तेव्हा नाकासमोर बघत बाजार पार करून टोकाला जाऊन उभे राहात. सासूबाई मात्र प्रत्येक दुकानाला चिकटत. भुकटीच्या बाजारातही कोणी सासऱ्यांसारखं सटकतं, कोणी सासूबाईंसारखं रेंगाळतं, आणि त्यामुळे एकत्र आत शिरलेली मंडळी एकेक करून बाहेर येतात.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची पडद्यावर एक टेकडी उमटे. आधी काही किरकोळ उंचवटे, मग औषधाचा डोंगर, आणि डोंगर उतरता उतरता त्याच्या पायथ्याला खेटून बसलेली एक चिमुकली टेकडी. तिला विभागात सगळे 'शेजारी' म्हणत. द्रावक बदला, पंप हळू करा, शेजारी काही डोंगराचा पदर सोडत नसे. सगळं कौशल्य एवढंच की बाटली कधी लावायची आणि कधी काढायची. जास्त वेळ ठेवली तर औषध भरपूर, पण शेजारीही थोडा आत शिरे. लवकर काढली तर शेजारी बाहेर राही आणि त्याच्याबरोबर बरंचसं औषधही. केमिस्ट मधला क्षण साधत असे. सत्त्याण्णव टक्के औषध, तीन टक्के शेजारी. हा शेजारी नेमका कोण, ते ओघात येईलच.

औषध लागू पडतं की नाही हे बघायला केमिस्टला लांब जावं लागत नसे. त्याच्या सासूबाई त्याच्याच घरी राहात आणि हेच औषध घेत. त्या हाताने शर्टांची काजं करीत, आणि बाजारातला एक नावाजलेला शिंपी त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या हातचं काज चालवून घेत नसे. मध्यंतरी त्यांच्या हातांना कापरं भरलं, सुई बोटातून सुटायला लागली, आणि शिवणाचा डबा माळ्यावर गेला. या कॅप्सूलने तो माळ्यावरून खाली आणला. तेव्हापासून रोज सकाळी चष्मा लावायच्या आधी त्या सुईत दोरा ओवीत आणि ओवलेली सुई जावयाच्या नाकासमोर धरीत.

"पास का, जावईबापू?"

"पास," तो म्हणे, आणि मगच जेवणाचा डबा घेऊन कामावर जाई.

ठरावाच्या पुढच्याच आठवड्यात रस्त्यापलीकडच्या संस्थेने दारावर फलक लावला: 'आमची शुद्धता अठ्ठ्याण्णव टक्के'. त्यांच्याकडेही ठराव झाला असावा. डायरेक्टरसाहेबांनी गाडीच्या काचेतून तो फलक वाचला आणि तडक केमिस्टला बोलावून घेतलं.

"आपल्या बाटलीत तीन टक्के काय आहे?"

"साहेब, तो शेजारी आहे. शेजारी म्हणजे खरं तर..."

"म्हणजे आहे. तुम्हीच कबूल करताय."

"आहे, पण तो..."

"अहो, पण कशाला? लोक काय म्हणतील याचा विचार करा. उद्यापासून नव्याण्णव."

नव्याण्णव अवघड नव्हते. बाटली जरा लवकर काढायची, एवढंच. डोंगराचा शेजाऱ्याकडचा उतार सोडून द्यायचा. सोडून दिलेल्या उतारात औषधच जास्त होतं, म्हणून ते फेकवेना. ते ड्रममध्ये भरलं आणि ड्रमवर 'पुनर्विचाराधीन' अशी चिठ्ठी डकवली. स्वागतकक्षात विजेचा एक फलक लागला, त्यावर हिरव्या आकड्यांत रोजची शुद्धता झळकू लागली. औषध किती निघालं हेही त्यावर दाखवावं, असं केमिस्टने सुचवून पाहिलं. फलकावर एकाच आकड्याची जागा होती आणि संस्थेचं बोधचिन्ह हलवणं धोरणात बसत नव्हतं.

समोरच्यांनी नव्याण्णव पूर्णांक पाच लावले. मग इकडे नव्याण्णव पूर्णांक नऊ लागले. केमिस्ट आता डोंगराचं फक्त शिखर घेऊ लागला, आणि तेही वरचं वर, देवघरातल्या नैवेद्यासारखं चमचाभर. बाकी सगळा डोंगर ड्रममध्ये. ड्रम विभागात मावेनात तेव्हा ते कॉरिडॉरमध्ये आले, आणि माणसं एकमेकांना वाट देताना भिंतीला पाठ लावून चालू लागली. हिशेबनीस अंगाने भरलेले होते, ते मागच्या जिन्याने येऊ लागले.

साहजिकच औषध कमी पडू लागलं. दवाखान्यांचे फोन आले. डायरेक्टरसाहेबांनी पत्रकारांना सांगितलं की, तुटवडा हा दर्जाचा पुरावा आहे, कोणतीही चांगली गोष्ट सहजासहजी मिळत नाही. मग पात्र रुग्ण निवडण्यासाठी समिती बसली. समितीने नियम अगदी साधे केले. रुग्णाने समक्ष यावं, अर्जावर सही करावी, आणि ती सही ओळखपत्रावरच्या सहीशी तंतोतंत जुळावी. ज्यांचे हात कापत होते त्यांच्या सह्या जुळल्या नाहीत. ज्यांच्या जुळल्या त्यांना औषधाची गरज नसल्याचं उघडच दिसत होतं. दोन्ही प्रकारचे अर्ज फेटाळून समितीने आपला अहवाल वेळेआधी सादर केला, त्याबद्दल तिचं कौतुक झालं. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना समितीच्या अटींतून सूट होती, म्हणून सासूबाईंची डबी चालू राहिली.

खरा पेच पुढे आला. डायरेक्टरसाहेबांना आता शंभर हवे होते. शिखराहून अरुंद काही कापायला उरलं नव्हतं. केमिस्टने हात टेकले आणि तसं सांगायला तो जाणारच होता, तेवढ्यात त्याच्या हातून चूक झाली.

झालं असं की तपासणीचा नमुना तयार करताना बायकोचा फोन आला. येताना काय काय आणायचं ते ऐकता ऐकता त्याने नमुन्यात द्रावक एकदा ओतलं, पुन्हा ओतलं, आणि फोन ठेवेपर्यंत ओततच राहिला. पातळ पाणी झालेला तो नमुना तपासणीच्या मशीनमध्ये गेला आणि आकडा आला शंभर. औषधाचा डोंगर कसाबसा टेंगळाएवढा दिसत होता. शेजारी इतका विरळ झाला होता की तो मशीनच्या नजरेखालून सुटला.

केमिस्ट प्रामाणिक होता. तो धावत क्वालिटीच्या मॅडमकडे गेला. दर्जाबाबत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, आणि त्या स्वतःही तो अखेरचाच मानत.

"मॅडम, हा आकडा खरा नाही. नमुना जास्त पातळ झालाय. शेजारी आहे तिथेच आहे, मशीनला दिसत नाहीये, इतकंच."

"मशीनला दिसत नाही?"

"नाही."

"मग मी अहवालात काय लिहू? मला स्वप्नात दिसला म्हणून?"

अहवालात शंभर लिहिले गेले. स्वागतकक्षात पेढे... म्हणजे निदान बिस्किटं वाटली गेली. केमिस्टच्या चुकीला 'सौम्यीकरणोत्तर शुद्धतावृद्धी पद्धती' असं नाव मिळालं आणि त्याला 'वरिष्ठ शुद्धता अधिकारी' हे पद, शिवाय दार असलेली खोली. दाराला आतून कडीही होती. त्याने घरी बायकोला हे सांगितलं तेव्हा थोडी लाज वाटली, पण खोली खरोखरच हवेशीर होती.

इथेच थांबलं असतं तर कोणाचं फारसं वाईट झालं नसतं. नमुना पातळ करायचा, आकडा लिहायचा, आणि औषध आपलं पूर्वीसारखं विकायचं, असं जगात पुष्कळ चालतं. पण क्वालिटीच्या मॅडम तत्त्वाच्या होत्या. त्यांनी डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर नियमावली ठेवली.

"जे तपासलं तेच विकलं पाहिजे. नमुना पातळ आणि माल घट्ट, ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. मी असल्या कागदावर सही करणार नाही."

साहेब गहिवरले. अशी माणसं आजकाल कुठे मिळतात, असं ते म्हणाले आणि माल पातळ करण्याचा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे काढला. आता शिखरातला थेंबभर अर्क पिंपभर द्रावकात कालवून, वाळवून, कॅप्सूलमध्ये भरला जाऊ लागला. कॅप्सूलमध्ये जागा भरायला पांढरं पीठ असे, ते अर्थात जास्त लागू लागलं. पिठाच्या शुद्धतेचा प्रश्न कोणी काढला नाही, कारण पीठ वेगळ्या विभागाकडे होतं.

आणि गंमत बघा, तुटवडा संपला. एका थेंबातून हजारो कॅप्सूल निघू लागल्या. दवाखान्यांतून आभाराचे फोन आले. समिती बरखास्त झाली, अर्जाची अट गेली, मागेल त्याला शंभर टक्के शुद्ध औषध मिळू लागलं. रस्त्यापलीकडच्या संस्थेने आपला फलक मुकाट्याने उतरवला. कॉरिडॉरमधले ड्रम कशाला ठेवायचे म्हणून ते जाळायला पाठवले. त्या ड्रममध्ये संस्थेने ठरावानंतर केलेलं जवळजवळ सगळं औषध होतं, हे केमिस्टला माहीत होतं. ट्रक निघाला तेव्हा तो आपल्या खोलीच्या खिडकीशी उभा होता. हिशेबनीस पुढच्या जिन्याने वर आले आणि त्यांनी त्याचे मनापासून आभार मानले.

घरी सासूबाईंनी एका सकाळी सुई उचलली, दोरा ओठांत ओला केला आणि ओवायला घेतला. दोरा सुईच्या डाव्या बाजूने गेला. मग उजव्या बाजूने गेला. त्यांनी चष्मा लावला. मग सुई गुडघ्यावर टेकवून पुन्हा प्रयत्न केला, आणि कसाबसा तो आत गेल्यावर सुई वर धरली. सुई हवेत बारीक थरथरत होती.

"पास का?"

ही थरथर कुठून आली हे केमिस्टइतकं नेमकं जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पास," तो म्हणाला, आणि डबा विसरून कामावर गेला.

त्या दिवशी संस्थेत वरिष्ठ तपासणी समिती यायची होती. समितीचे अध्यक्ष फार मोठे तज्ज्ञ होते. कशाचे, ते विचारण्याइतका कोणी लहान नव्हता. तपासणीचा आलेख भिंतीवर मोठा करून दाखवला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, स्वच्छ रेषा, आणि मध्ये एक इवलंसं टेंगूळ. अध्यक्ष बराच वेळ बघत राहिले.

"सुंदर. इतकी सरळ रेषा मी आयुष्यात पाहिली नाही. पण हे मध्येच काय उपटलंय?"

"ते औषध आहे, सर," केमिस्ट म्हणाला.

"बाकी कुठे काही नाही?"

"नाही."

"सगळी रेषा निर्मळ, आणि नेमकं एवढंच गालबोट." अध्यक्ष हळहळले. "अशुद्धतेच्या व्याख्येनुसार पाहिलं तर इथे परकं असं हे एकच आहे."

क्वालिटीच्या मॅडमनी नियमावली चाळली आणि व्याख्या तशीच असल्याचं जड मनाने सांगितलं. डायरेक्टरसाहेबांनी केमिस्टकडे पाहिलं.

"हे काढता येईल?"

"येईल, साहेब. मिश्रण आत सोडलंच नाही आणि नुसतं द्रावक फिरवलं, तर हे टेंगूळ राहणार नाही."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की नोकरीला लागल्यापासून साहेबांनी आपलं उत्तर मध्येच तोडलं नाही, असं आज पहिल्यांदाच घडलं. त्या आनंदात, आपण काय बोललो, हे कळायला त्याला जिना उतरेपर्यंतचा वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातली भांडी बंद झाली. शुद्धीकरण विभाग मात्र पूर्वीपेक्षा जोरात चालू लागला. पंप घुमत होते, द्रावक पांढऱ्या भुकटीच्या बाजारातून सुनसान वाटेने फिरून येत होतं, बाटल्या वेळेवर लावल्या आणि काढल्या जात होत्या. पडद्यावर दिवसभर एक सरळ रेषा. स्वागतकक्षातल्या फलकावर आता आकडाही नव्हता, नुसतं 'निर्दोष' असं झळकत होतं.

शिंप्याने एक दिवस शर्टांचं गाठोडं परत पाठवलं. बरोबर निरोप होता की सध्या काम कमी आहे, तुम्ही आराम करा. गाठोड्यातला वरचा शर्ट सासूबाईंनी उलगडला. गळ्याजवळचं काज वाकडं झालं होतं आणि एक टाका कापडाबाहेर गेला होता. त्यांनी शर्टाची घडी केली आणि बोटांनी काज झाकून ठेवलं.

केमिस्टला ते सहन झालं नाही. प्रत्येक जुन्या मालातले थोडे नमुने कपाटात राखून ठेवायची पद्धत त्या संस्थेत होती, कधी तक्रार आलीच तर पडताळून बघता यावं म्हणून. ते कपाट त्याच्या ताब्यात होतं. त्याने सगळ्यात जुन्या मालातल्या, ठराव व्हायच्या आधीच्या, डब्या पिशवीत भरल्या. चोरी म्हणजे चोरीच. दारावरच्या रखवालदाराने त्याला सलाम ठोकला आणि पिशवी पाहिलीसुद्धा नाही, कारण वरिष्ठ शुद्धता अधिकाऱ्याची पिशवी बघण्याची प्रथा नव्हती.

घरी त्याने एक डबी सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. आयुष्यात एकदाचं धाडस केल्यावर माणसाचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

"आई, आजपासून ही घ्या. ती दुसरी बंद करा."

सासूबाईंनी चष्मा लावला आणि लेबल डोळ्यांजवळ नेलं. हाताबरोबर डबीही हलत होती, त्यामुळे वाचायला वेळ लागला.

"सत्त्याण्णव टक्के?" त्या म्हणाल्या. "मग उरलेले तीन टक्के काय?"

"ते काही नाही, आई. शेजारी म्हणतो आम्ही त्याला. तो म्हणजे..."

"शेजारी? कॅप्सूलमध्ये?"

"अहो, ऐकून तर घ्या. हीच कॅप्सूल तुम्ही इतकी वर्षं घेत होता. हिनेच कापरं थांबलं होतं तुमच्या हाताचं."

"तेव्हा मला कुठे माहीत होतं?"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने दोन्ही डब्या उचलून शेजारी शेजारी धरल्या.

"घरात शंभर टक्क्यांची डबी असताना तू आईला हे देणार? तुझ्या आईला दिलं असतंस?"

"त्या डबीत काहीच नाहीये गं. पीठ आहे नुसतं. मी स्वतः रोज..."

"काहीच नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग तीच बरी. निदान काही होणार तरी नाही."

केमिस्ट 'अहो, पण' म्हणाला. पुढचं त्याला पुरं करता आलं नाही. सासूबाईंनी शंभर टक्क्यांची डबी उघडली. कॅप्सूल दोन बोटांत धरली, ती निसटली, टेबलावर उडाली आणि कपाटाखाली गेली. लेकीने दुसरी काढून आईच्या जिभेवर ठेवली आणि पेल्याला खालून हात दिला, पाणी सांडू नये म्हणून. सत्त्याण्णव टक्क्यांच्या डब्या तिने कचऱ्यात टाकल्या, आणि लहान मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून वर सालं पसरली. शिवणाचा डबा दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेला. केमिस्टनेच तो चढवला.

आता राहिला तो शेजारी. तो म्हणजे तेच औषध होतं, वाटेत पाण्याचा एक कण अंगाला चिकटवून घेतलेलं. पोटात गेलं की ते तो कण सोडून देई आणि पुन्हा सरळ औषध होई. इतकंच सांगायचं होतं केमिस्टला. तुम्हाला ते आता कळलं आणि हायसंही वाटलं असेल, कारण सुरुवातीपासून तुम्ही त्या तीन टक्क्यांच्याच मागे होता. ज्याने सासूबाईंच्या सुईत दोरा जात होता, त्या औषधाचं नाव आम्ही गोष्टभर कुठेच सांगितलेलं नाही. ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.